इंदूमावशीच्या निऱ्या

१७ नोव्हेंबर, रविवार. अकोला

सकाळच्या बसने अकोल्याला. इंदूमावशीला लकवा झाल्याला आज बेचाळीस दिवस. उजवा हात, उजवा पाय गेला. बोलणंही गेलं. 'हं' आणि 'नाई', एवढंच येतं, तेही ऐकणाऱ्याने ओळखायचं.

तिला मॅक्सी घातली होती. निळी, मोठ्या फुलांची. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं तिने. काकांच्या मयतीच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा तिला साडीशिवाय पाहिलं नव्हतं. रंजनावहिनींचं काही चुकत नाही. सून एकटी, दिवसातून तीनदा कपडे बदलायचे. साडी कशी जमणार.

मावशी डाव्या हाताने मॅक्सीचा गळा ओढत होती. सारखी. प्रकाशदादा म्हणाला, "खाज सुटली असंन आईले." पावडर लावली.

खाज नव्हती ती. चारच्या बसने परत.

१९ नोव्हें. अमरावती

दोन बॅचेस. पेशीविभाजन. "सर, शेवटचं पुन्हा सांगा ना." पुन्हा सांगितलं.

दुपारी बारा ते चार क्लास नसतो. खोलीवर आले, दार लावलं, साडी नेसले. राखाडी, सुती, बारीक काठाची. नेसून बसले. चहा केला. तपासायचे पेपर होते ते तपासले. एक-दोन वर्षांपूर्वी हृदय धडधडायचं. आता काही होत नाही. चष्मा लावल्यासारखं.

२१ नोव्हें.

शबानाबाजीकडे ब्लाउज आणायला. माझी शिंपीण, चार वर्षं झाली. पहिल्यांदा गेले तेव्हा "बहिणीचं आहे, तिचं माप माझ्यासारखंच" म्हटलं होतं. तिने टेप गळ्यात अडकवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "तो फिर हाथ ऊपर करो." त्यानंतर तिला काही सांगावं लागलं नाही.

आज म्हणाली, "ये क्या फिर से कोहनी तक की बाही? बंद गला? तू तो रिटायर होके बैठी है." मी म्हटलं, मला असंच आवडतं. "किसने सिखाया?" मी म्हटलं, मावशीने. "तेरी मौसी मास्टरनी थी ना? तभी."

खरं आहे. तेहतीस वर्षांची मी, आरशात साठीची दिसते. लांब बाही, पदराला पिन, केसांच्या टोपाचा घट्ट अंबाडा. बाजीने गळा जबरदस्तीने दोन बोटं खाली घेतलाय. घालून पाहिला. खांद्याचं हाड जरा कमी दिसतं. तिचं बरोबर होतं.

तेवढ्यात दुकानात माझ्या एका विद्यार्थिनीची आई. "सर तुम्ही इथं?" माझ्या हातात ब्लाउज. बाजी मशीनवरून मानही न उचलता म्हणाली, "बहन का है इनकी. बहन भी इनके जैसीच चौड़ी है." बाई हसल्या. मीही हसले. हसले असावे.

२२ नोव्हें.

मावशीचं लिहून ठेवते.

पाचवीपासून मी तिच्याकडे अकोल्याला. आमच्या गावची, हि.खेडची, शाळा बाबांना पसंत नव्हती. मावशीची शाळा साडेदहाची. दहाला ती आरशासमोर उभी राहायची आणि मला हाक मारायची, "धर रे." मी खाली बसून निऱ्यांची टोकं धरायची, एकावर एक सारखी, आणि खाली ओढायची. रोज. प्रकाशदादाला तिने कधी बोलावलं नाही. मलाच का, माहीत नाही. मी जवळ असायचे म्हणून असेल.

चौदाव्या वर्षी तिने मला पकडलं. शनिवारची सकाळची शाळा, ती लवकर आली. मी कपाटाच्या आरशासमोर, तिची जांभळी साडी. ती दारात उभी राहिली. किती वेळ, ते आठवत नाही. मग म्हणाली, "पदर उजव्या खांद्यावर नाई घेत. डाव्या. अन् निऱ्या डावीकडं वळव, नाई त चालताना पायात येतात."

पिशवी ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. मी साडी घडी करून ठेवली. जेवायला पिठलं होतं. त्यावर ती कधीही बोलली नाही. मारलं नाही, आईला सांगितलं नाही. सोमवारी दहाला पुन्हा, "धर रे."

२४ नोव्हें., रविवार. अकोला

आज केलं.

मावशी पुन्हा गळा ओढत होती. वहिनींना म्हटलं, "साडी द्या एक. सुती." त्या म्हणाल्या, "भाऊजी, कोन नेसवंन? मले एकटीनं नाई होत." म्हटलं, "तुम्ही मागून धरा फक्त."

कॉटवर बसवून, मग वहिनींच्या खांद्यावर टेकवून उभं केलं. परकर. साडी खोचली, फेरा घेतला, निऱ्या घातल्या. सात आल्या. पदर, पिन आतल्या बाजूने. दहा मिनिटं लागली असतील. मावशीने डावा हात निऱ्यांवरून फिरवला, वरून खाली. मग खुर्चीत बसवलं तशी बसली. गळा ओढला नाही.

वहिनी उभ्याच. "भाऊजी, हे पाहून पाहून नाई येत."

मी म्हटलं, "लहानपणी निऱ्या धरायचो."

"धरनं येगळं. घालनं येगळं."

मी पिनांची डबी बंद केली. निघताना त्यांनी डब्यात भाकरी बांधून दिली, नेहमीपेक्षा दोन जास्त.

१ डिसें. अकोला

पुन्हा गेले. आता वहिनी साडी काढूनच ठेवतात. आज त्यांनी दार आतून लावून घेतलं. नेसवून झाल्यावर एकदम म्हणाल्या, "नाव काय ठेवलं?"

"कोणाचं?"

"तुमचं."

मावशी खुर्चीत, खिडकीकडे तोंड. मी म्हटलं, "कुंदा." पहिल्यांदा कोणासमोर उच्चारलं.

वहिनींनी तोंड वाकडं केलं. "कुंदा? ते त माह्या आजेसासूच्या वेळचं नाव झालं. दुसरं नाई भेटलं?"

मावशीच्या घशातून आवाज आला. हसली की ठसका लागला, कळलं नाही. वहिनी पाणी आणायला गेल्या.

बसमध्ये वाटलं आनंद व्हायला पाहिजे. मूर्तिजापूरपर्यंत वाट पाहिली. झोप लागली.

१० डिसें., मंगळवार

सकाळी सहाला दादाचा फोन. मावशी गेली. पहाटे, झोपेत.

क्लासला कळवलं. बस.

११ डिसें. अकोला

काल पुढचं लिहिता आलं नाही. क्रमाने लिहिते.

नऊला पोचले. अंगणात माणसं. दादा खुर्चीत, बाबा शेजारी. आई-बाबा हि.खेडहून मिळेल त्या गाडीने माझ्या आधी आले होते. मी पुरुषांत जाऊन बसले. बांबू आले होते, तिरडी बांधणं चालू होतं. सुतळी पुरेना, कोणीतरी आणायला गेलं. आत बाया मावशीला अंघोळ घालत होत्या. मधल्या खोलीचं दार लोटलेलं.

दार उघडलं. रंजनावहिनी. सगळ्या अंगणासमोर, "भाऊजी, आत या जरा."

मला वाटलं, उचलायला बोलावलं. आत चार बाया. आई मावशीच्या डोक्याशी बसलेली, मांडीवर ओला टॉवेल. वहिनींनी दार लावलं आणि माझ्या हातात साडी दिली. तपकिरी, पिवळ्या काठाची. मावशी मुख्याध्यापिका झाली तेव्हाची.

आई म्हणाली, "गड्याचं काय काम इथं?"

वहिनी म्हणाल्या, "सासूबाईनं सांगून ठेवलं होतं. साडी भाऊजीच्याच हातून."

"तिले बोलता येत नव्हतं."

"मले समजे तिचं."

एक म्हातारी भिंतीशी बसलेली, ती म्हणाली, "इच्छा हाय त नेसवू द्या. पानी गार होऊन राहिलं."

मी नेसवली. उभ्या माणसाला नेसवणं वेगळं. इथं प्रत्येक फेऱ्याला दोघींनी उचलायचं, मी खालून साडी सरकवायची. निऱ्या अंगावर ठेवून बसवाव्या लागल्या. आठ आल्या. बारीक झाली होती. मी हाताने दाबून सरळ केल्या, टोकं जुळवली. हाताला थंड लागत होतं, त्याचं काही वाटलं नाही. सवयीने पिनेसाठी हात पुढे केला तर आईने मनगट धरलं. "पिन नाई लावत."

धरूनच ठेवलं. माझ्या हाताकडे पाहत होती. मनगटावरचे केस मी काढते, बाहीखाली झाकलेलं असतं. बाही वर गेली होती.

मग सोडलं. पदर डोक्यावरून घेतला तो आईनेच.

बाहेर आले, पुन्हा पुरुषांत बसले. खांदा दिला. मोर्णा नदीच्या घाटावर ऊन होतं. रडू आलं नाही. दादाच्या हातात मडकं होतं, ते धरून त्याला नीट चालता येत नव्हतं. तेवढं लक्षात आहे.

१४ डिसें. अकोला

वहिनींना विचारलं, मावशीने खरंच सांगितलं होतं का?

त्या लसूण सोलत होत्या. "नाई. मीच म्हनलं."

"काहून?"

"तिच्या निऱ्या मले जमत नाहीत. वाकड्यातिकड्या गेल्या असत्या ते तिले चाललं नसतं." मग टरफलं झटकत, "अन् तुमालेही बाहेर बसून चाललं नसतं."

२२ डिसें. अकोला

तेरवी झाली. दीडशे पान. बुंदी उरली.

दुपारी बायांनी मावशीचं कपाट उघडलं. प्रत्येकीला आठवण म्हणून एक. मी दारात, खुर्च्या मोजायच्या निमित्ताने. वहिनींनी सहा साड्या आधीच बाजूला काढल्या होत्या, जुन्या चादरीत बांधून.

आईने विचारलं, "हे कोनासाठी?"

वहिनींनी माझ्याकडे बोट केलं.

"त्याच्या बायकोसाठी?" आई म्हणाली. आवाज अगदी साधा. पाच वर्षं ती माझ्यासाठी मुली पाहते आहे.

वहिनी चादरीची गाठ आवळू लागल्या. खोलीत आणखी दोघी होत्या, त्या साड्या उलटसुलट करत होत्या. मला दिसत होतं, आता 'हो' म्हटलं की संपलं. सगळ्यांचं सोपं होईल. माझंही.

मी म्हटलं, "नाही. माझ्यासाठी."

आईने हातातली घडी पुन्हा घातली. चुकली, परत घातली. "खुर्च्या मोजल्या का?" म्हणाली. म्हटलं, "मोजल्या. एक्याऐंशी." 

ती आणि बाबा पाचच्या बसने गेले. मी स्टँडवर सोडायला. बाबांनी थंडीचं विचारलं. आईने खिडकी लावून घेतली.

३० डिसें. अम.

आईचा फोन नाही. आठ दिवस. ती दर दोन दिवसांनी करते.

मी लावला. बाबांनी उचलला. आई शेतात गेली म्हणाले. पाठीमागून तिचा आवाज येत होता.

६ जाने.

शबानाबाजीला सहा साड्या दाखवल्या, मॅचिंगसाठी. तिने एकेक उलगडून फॉलला हात लावून पाहिला. "मौसी ने फॉल खुद लगाया है. टाँका देख." मला माहीत होतं. बाजी म्हणाली, "पेट में रख के मत बैठ, रो ले." म्हटलं, येत नाही. "तो मत रो." आणि माप घेतलं. छाती अर्धा इंच कमी झालीय.

१५ जाने.

आईचा फोन. दुपारी एकला. तिला माझी सुटी माहीत आहे.

"रविवारी येतो मी." तिच्या वयाच्या बाया गावाकडं 'येतो'च म्हणतात.

"बाबा?"

"एकटीच." ठेवला.

१८ जाने.

खोली झाडली. टोप ट्रंकेत टाकला, काढला, टाकला. कपडे कोणते, ठरेना. शर्टपँट घातली तर तेरवीच्या दिवशी बोललेलं खोटं पडतं. साडी नेसली आणि आई दारातून परत गेली तर. वहिनींना फोन केला. "जे रोज दुपारी घालता ते घाला. तुमची आई तुमाले पाहाले येऊन राहिली." यावेळी 'भाऊजी' म्हणाल्या नाहीत. दुसरंही काही म्हणाल्या नाहीत.

१९ जाने., रविवार

आत्ताच गेली.

साडेअकराला दार वाजलं. मावशीची हिरवट सुती नेसले होते, नवा ब्लाउज. टोप नाही, माझेच केस. उघडलं. आईने वरपासून खालपर्यंत पाहिलं. मागे जिन्यात कोणी आहे का ते पाहिलं. आत आली, चपला काढल्या. "पानी दे."

पाणी दिलं. पदर सांभाळत वाकले, ते तिने पाहिलं.

"इंदीची हाय ना हे?"

"हो."

"तिले जास्त शोभे."

"हो," म्हटलं.

तुरीच्या शेंगा आणल्या होत्या, पिशवीभर. सोलायला बसलो, वर्तमानपत्र पसरून. बाबांना काय सांगितलं विचारलं. "अमरावतीले दवाखान्यात दाखवून येतो म्हनलं." मग एक शेंग सोलली. "इंदीले माहीत होतं?"

"चौदाव्या वर्षापासून."

"मले नाई सांगतलं तिनं." शेंग. "मी लहान बहीन. मले कधी निऱ्या धरू देल्या नाहीत तिनं. तू नीट धरत नाईस म्हने."

मी उठले. भात टाकला. सोललेल्या दाण्यांची आमटी तिने केली. जेवताना लक्षात आलं की आल्यापासून तिने 'आलास', 'गेलास', 'आलीस', 'गेलीस' यातलं काही तोंडातून येऊ दिलं नाही. 'दे', 'बस', 'वाढ', 'मीठ झालं का'. मी बाई की पुरुष ते ठरेल असा एकही शब्द नाही. दिवसभर. मुद्दाम की आपोआप, कोण जाणे. थकली असेल.

तीनला पिशवी घडी करून उठली. मी सोडायला येते म्हटलं. माझ्याच तोंडून 'येते' गेलं. ती दाराशी थांबली.

"खाली नको येऊ. ऑटो मी पाहतो." मग चपलेत पाय सरकवत, माझ्याकडे न पाहता, "गावाकडं आता येऊ नको. तिथं नको. मीच येत जाईन."

"कधी?"

"जेवून घेत जाजो येळेवर," म्हणाली आणि जिना उतरली. गुडघे दुखतात, एकेक पायरी, कठडा धरून.

खिडकीतून पाहिलं. पहिला ऑटो तिने जाऊ दिला. दुसराही. बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभी होती, माझ्या खिडकीकडे पाठ करून. मी वर, पडद्याआड. मला खाली जावं असं वाटलं असेल, नसेल. तिसऱ्यात बसली.