वाळूत निजलेला मासा

बाबा,

तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली, आणि आता माझ्या जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये समुद्र आहे. हसू नका. टीव्हीच्या जागी काचेची टाकी ठेवलीय. गाळलेल्या पाण्यात समुद्री मीठ कालवायचं, खारटपणा मोजायचा आणि त्यात प्रवाळ वाढवायचे. दिसतात दगडासारखे, पण जिवंत असतात. कारखान्यातून आले की मी आधी तिकडे जाते. आईला हे प्रकरण अजून पटलेलं नाही. "खायाचा नाही त मंग मासा आनला कायले?" असं ती आल्यागेल्यासमोर विचारते.

मागच्या महिन्यात नागपूरहून रॅस नावाचा मासा आणला. त्याचे मोठे भाऊबंद शिंपले-खेकडे फोडून खातात, म्हणून मला लहान आणि प्रवाळांना तोंड न लावणारा हवा होता. दुकानदार म्हणाला, "सहा पट्ट्यांचा घ्या नं, टणक असते. पन दादागिरी लय करते थो." मी पिवळा निवडला. बोटाएवढा, ओल्या हळदीच्या रंगाचा. त्याला बारीक वाळूचा जाड थर लागतो आणि टाकीवर जाळी, नाहीतर उडी मारून बाहेर पडतो. वरठी स्टेशनापर्यंत रेल्वेत पिशवी मांडीवर धरून बसले. टाकीत सोडल्यावर त्यानं एक डोळा माझ्याकडे फिरवला, डोकं खाली केलं आणि वाळूत गडप झाला. दुसऱ्या दिवशी दिसला नाही, त्यानंतरही नाही.

"मेला असन. काढून टाक, पानी सडन," आई म्हणाली. तिचं चूक नव्हतं. वाळूत मासा कुजला असता तर मोठ्या कष्टानं वाढवलेले प्रवाळ गेले असते. आणि जिवंत माशाला उकरलं असतं तर तो भेदरून मेला असता. मी बाही सारून हात पाण्यात घातला, आणि मला आपली बपेऱ्याची बोडी आठवली.

उन्हाळा आहे. शेतातलं ते लहानसं तळं आटलंय, चिखलाला भेगा पडल्यात. तुम्ही वाकून एक ढेकूळ उचलता, तर खाली ओल्या गाऱ्यात मरळ, डोळे उघडे. मी किंचाळते, मग तिला उचलायला धावते. "उकरू नको वं माय. मेली नाही, निजून राह्यली. पानी आलं का येते वर." तुम्ही ढेकूळ परत ठेवता आणि कडेनं माती चेपता, मला पांघरूण घालायचात तसं.

मी हात बाहेर काढला.

मग एका सकाळी, बसची वेळ झालेली, मी चपला घालत होते. वाळू हलली आणि पिवळं तोंड वर आलं, मागोमाग अख्खा मासा. अंग झटकून तो प्रवाळांच्या फटीफटीत डोकावत फिरू लागला. माझी बस चुकली. आता रोज संध्याकाळी तो वाळूत शिरतो आणि सकाळी वर येतो. समुद्रापासून इतक्या दूर, काचेच्या पेटीत, एवढ्याशा जिवाला वाळूखाली सकाळ झाल्याचं कळतं कसं? रोज बघते, आणि रोज अंगावर काटा येतो.

हा कागद मी टाकीखाली मिठाच्या बादलीवर ठेवणार आहे, आई तिथे हात घालत नाही. तिला एक गोष्ट सांगितलेली नाही. त्या सकाळी मी ओरडले होते, "बाबा, आला!" आत तिला नुसतं 'आला' ऐकू गेलं आणि ती कणकेच्या हातांनी धावत बाहेर आली. "कोन आला वं?"

मासा, असं म्हणायला मला जरा वेळच लागला, बाबा.