दामिनीचा ताप

९ सप्टेंबर, सोमवार

ताप उतरूनच नाई राह्यला! आज तिसरा दिवस. ना सर्दी, ना खोकला. दामिनी माझी चौदा महिन्यांची, दूधही घेऊन नाई राह्यली. सासूबाई म्हणतात, "दात येऊन राह्यले पोरीले." एकशेतीन तापाचे दात! असे कसे बाप्पा?

१० सप्टेंबर

नार्नूरहून पहिल्या बसनं आदिलाबादले आलो. लेकरांच्या डॉक्टर सुनयना मॅडम म्हणाल्या, "लघवी तपासू. स्वच्छ डबीत धरा." तासभर डबी घेऊन बसली मी – पोरगी करंल तं! जरा चहाले उठली अन् तेवढ्यात सासूबाईच्या मांडीवर केलं. त्यांनी काय करावं? लंगोट डबीत पिळला!! वरून म्हणतात, "घे, वाया नाई जाऊ देल्लं."

हसू का रडू! मॅडमले खरं सांगितलं. त्याही हसल्या. "हे नाही चालायचं. तोवर रक्त पाहू."

रक्तात सीआरपी ९६ निघाला, अंगात इन्फेक्शन असलं का वाढते म्हणे तो. सहाच्या आत पाहिजे म्हणे. दुसरा तो प्रोकॅल्सिटोनिन – चिठ्ठीत पाहून लिवलं – तोही वाढलेला. मॅडम म्हणाल्या, "साध्या तापात एवढं वाढत नाही. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं असावं. पण पक्कं लघवीच सांगेल." मग नळीनं लघवी घेतली. पोरगी अशी किंचाळली! तेलुगू नर्स "भयपडकम्मा, घाबरू नको" म्हणत माझीच पाठ चोळून राह्यली होती. लगेच भरती केलं, इंजेक्शन सुरू.

किडनी!

१२ सप्टेंबर

ताप उतरला! अर्धी वाटी वरणभात खाल्ला पोरीनं. सासूबाई मॅडमच्या पायाच पडल्या. "मी दात-दात करत बसली व माय," म्हणून रडल्या. त्यांच्यावरचा माझा राग कुठच्या कुठं गेला.

१३ सप्टेंबर

लघवीत जंतू निघाले. मॅडमचा अंदाज बरोबर होता. वेळेवर आणली म्हणे. त्या रक्ताच्या चिठ्ठीचे उपकार कसे फेडू?

जाता जाता मॅडमनं विचारलं, "तुम्हाला लहानपणी असे ताप यायचे का?" "लय यायचे! माय दृष्ट काढायची." मॅडम हसल्या नाईत. माझं बीपी पाह्यलं. पुन्हा पाह्यलं. वाढलेलंच होतं. माझंही रक्त घेतलं, सोनोग्राफी लिहून देल्ली. मले काय धाड भरली?

१८ सप्टेंबर

माझी उजवी किडनी सुकून बारीक झाली. लहानपणच्या अशाच तापांनी, म्हणतात मॅडम. दुसरी चांगली हाये, रोज बीपीची गोळी घेतली तं सांभाळता येईल. उशीर झाला असता तं तीही गेली असती.

दामिनीले अजून धड बोलता येत नाई. मले तिनंच वाचवलं.