मामीने आवरलेले टेबल

४ मार्च

चि. खारूताईस, अनेक उत्तम आशीर्वाद.

सांगतो मी, लिहिते तुझी मामी. पक्षाघातापासून माझा उजवा हात पाहुण्यासारखा नुसता बसून असतो. तुझे घड्याळ उघडून सुटे भाग ओळीने मांडले होते, तेवढ्यात मी आडवा झालो. मी दवाखान्यात, आणि इकडे मामीने टेबल आवरून चार घड्याळांचे स्क्रू नि चाके एकाच डब्यात भरली! चाळीस वर्षांत त्या टेबलाला कुणी फडके लावले नव्हते. (लावायला हवे होते. – मामी)

आता रोज सकाळी डाव्या हातात चिमटा धरून तो डबा निवडत बसतो. निम्मे खाली सांडते. तू मेंदूचा अभ्यास करतेस, तर खरे सांग, साठी उलटलेला मेंदू नवे काही शिकतो का? शिकत नसेल तर घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला कुलूप लावतो.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझा मामा

१५ मार्च

ती. मामास, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या रोगप्रतिकारक पेशी असतात. मी त्यांना नुसत्या झाडूवाल्या समजत होते. काही पूर्ण वाढलेल्या उंदरांच्या मेंदूतून आम्ही या पेशी औषधाने काढून टाकल्या आणि उंदरांना फिरत्या दांडीवर तोल सांभाळायला शिकवले. वाटले, काय फरक पडणार? पण मामा, ते इतरांच्या मागे पडले! या पेशी केर तर काढतातच, पण मेंदूतल्या जोडण्या चाचपून काही मोडतात आणि काही नव्या जुळायला मदतही करतात. तेही वाढ पूर्ण झालेल्या मेंदूत! कसे, ते अजून नीट उमगत नाही. त्या नादात मी जेवायचे विसरते.

उंदरांवरून तुमची हमी देता येत नाही. पण कुलूप इतक्यात नको. आणि मामीवर रागावू नका.

तुमची माया अशीच राहो.
खारूताई

२० जून

चि. खारूताईस, अ. आ.

अक्षर पाहून घाबरू नकोस. हा माझा डावा हात. एवढ्या मजकुराला अख्खी सकाळ गेली.

डबा निवडून झाला. मामीने टेबल आवरले नसते, तर मी हा हात खिशातून काढलाही नसता. तसे तिला कबूल केले, तर म्हणाली, कागदावर लिहून द्या. म्हणून लिहिले.

सोबत तुझे घड्याळ. दिवसाला चार मिनिटे मागे पडते. महिनाभर वापर आणि परत पाठव, तोवर हात आणखी शिकलेला असेल.

लोभ असू दे. दुकान उघडे आहे.
तुझा मामा