बिनखताचे टमाटर

२७ मार्च

आधी सगळ्यांची तब्येत. ह्यांचा गुडघा – सकाळी कुरकुर, दुपारी ठीक. पोराचा, विपुलचा खोकला गेला, अमरावतीला बसनं रोजचं जाणं-येणं सुरू आहे. सून करिश्मा ठणठणीत. लग्नाला वर्ष होत आलं, अंगानं जरा भरली, चांगली दिसते. गायीचं खूर भरून आलं. माझं काय, दात सोडले तर बरी आहे.

टमाटरची तब्येत मात्र बरी नाही!

झाडं अशी की पाहत राहावं. काळीभोर हिरवी, माझ्या खांद्याला लागलेली. पिवळ्या फुलांचे झुबके. अन् सकाळी परसात जावं तर खाली फुलांचा सडा. देठाला मधे एक बारीक गाठ असते, बरोबर तिथून तुटून पडतात. फळ म्हणून एक नाही. करिश्मा म्हणाली, "आई, ऊन लई झालं, म्हणून असंल." मी म्हटलं, "बाई, तू जन्मली नव्हती तवापासून टमाटर लावून राहिली मी."

२९ मार्च

आज पुन्हा दोन मुठी युरिया टाकला. शेतातल्या पऱ्हाटीसाठी, कपाशीसाठी आणलेली गोणी कोठीत उरलेली आहे. ह्यांना सांगितलं नाही. कोणालाच नाही. गल्लीभर मी टमाटर वाटते ते बिनखताचे म्हणून! "मनकर्णाकाकूचे टमाटर निव्वळ शेणखताचे" – हे ऐकायला गोड लागतं, खोटं कशाला बोलू. पण फेब्रुवारीत पानं पिवळी पडली अन् जीव राहिला नाही. सुकलेल्या लेकराला तुपाची धार जरा जास्त सोडावी, तसं झालं. तेव्हापासून हात थांबलाच नाही.

वळून पाहिलं तर करिश्मा न्हाणीच्या दारात केस पुसत उभी. मी हात पदराला पुसला.

१ एप्रिल

आमच्याकडे पापड होते. शेजारची गंगूबाई, समोरची कौशल्या, आणखी तीन-चार बाया. करिश्माची पाळी आली होती. अशा दिवसांत पापडाच्या पिठाला शिवायचं नाही, आमच्याकडे अजून पाळतात. मी घरात फार मानत नाही, स्वयंपाक करू देते. पण चारचौघी येणार म्हणून तिला म्हटलं, तू ओसरीत बस.

लाट्या करता करता गंगूबाई म्हणाली, "काहून वो काकू, यंदा टमाटर नाई पाठवले? दरसाली तं टोपलं येते."

"फुलं झडून राहिली, बाई."

"तुमच्या हातची? अन् झडून राहिली?"

कौशल्या म्हणे, "काकूचा हात म्हातारा झाला वाटते!"

सगळ्या खो खो हसल्या. त्यात वाईट काय होतं? काही नव्हतं. पण मला झोंबलं.

मी म्हटलं, "माझ्या हाताले काय झालं? आजकालच्या पोरी पाळीतबी झाडाझाडात फिरतात. मंग काय फळ धरंल?"

सगळ्यांच्या माना ओसरीकडे वळल्या. करिश्मा मोबाईल पाहत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, अन् पुन्हा खाली घातली.

पापड पातळ निघाले.

२ एप्रिल

बोलले ते मला खरं वाटत होतं का? अर्धं वाटत होतं. बोलताना मात्र पूर्ण वाटलं.

५ एप्रिल

भाऊजी आले होते, केशवराव, परतवाड्याहून. माझ्या मोठ्या बहिणीचे मालक. शेतीखात्यात नोकरी झाली त्यांची. चपला न काढता आधी परसात गेले. पान चुरगाळून पाहिलं, झडलेलं फूल उचललं.

"मनकर्णा, हे झाडं माजले. पाला पाह्य किती! युरिया लोटला न कोणी? जास्त युरिया झाला का झाड पाल्यातच रमते, फळाचं त्याले सुचत नाई. अन् वरून हे बेचाळीस डिग्री, रातीबी गरम. अशा तापात फुलातली पूड मरते. फळ बसंल कसं? झटकून देते झाड."

"आमी तं शेणखतच टाकतो, भाऊजी."

अगदी सहज निघालं तोंडातून! सवयीचं वाक्य.

"मंग हे आपोआप झालं काय?" ते हसले. करिश्मा चहा घेऊन उभी होती, तिलाच विचारलं, "काहून पोरी, तू पाहिलं काय कोणाले टाकताना?"

ती म्हणाली, "नाई, मावसाजी."

कप दिला अन् आत गेली. ज्या सुनेवर मी चार बायांत बोट ठेवलं, तिनं एका माणसासमोर माझी अब्रू राखली. जमीन फाटावी वाटलं. अन् तरी मी तिच्यामागे आत गेले नाही. भाऊजींना चिवडा वाढत बसले.

७ एप्रिल

गंगूबाईकडे कुरडया. दारात आली बोलवायला. "काकू, तुमी या. सुनेले राहू द्या वो. चीक नासला तं उगीच..."

पाळी कधीची सरली होती पोरीची! मला म्हणता आलं असतं, येईन तर दोघी येऊ. मी पायात चप्पल घातली अन् गेले. संध्याकाळी कळलं, कौशल्यानंही तिला मिरचीच्या वाफ्याकडून जाऊ नको म्हटलं. हसत म्हटलं म्हणे.

८ एप्रिल

करिश्मा अकोल्याला माहेरी गेली. बॅग मोठी होती.

जाताना पाया पडली. म्हणाली, "आई, घरात म्हटलं असतं तं मी हसून सोडलं असतं. आता माझ्या हातचं पाणी घेताना बाया थांबून पाहतात. मले सहन होत नाई."

युरियाचं ती बोलली नाही. मीही नाही.

विपुल तिला बसवून आला. जेवला नाही. "आई, बायायले तूच सांगू शकते. मी गेलो तं म्हणतील बायकोचा बैल."

१० एप्रिल

गंगूबाईकडे सांगायला गेले. निमित्त म्हणून विरजण मागितलं. विरजण घेऊन परत आले.

१२ एप्रिल

ह्यांना सांगितलं. सुपारी कातरत ऐकत होते.

"मले माहीत होतं. गोणी हलकी झाली ते काय उंदरानं नेली?"

"मंग बोलले काहून नाई?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. तू दुसरंच बोलली."

पुन्हा सुपारी कातरायला लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ एप्रिल

सांगितलं! कौशल्याच्या अंगणात सगळ्या चिंचा फोडत बसल्या होत्या. मी उभ्यानंच बोलले – बसले असते तर राहून गेलं असतं. म्हटलं, "बायांनो, करिश्माचा काही दोष नाई. युरिया मी टाकला. चोरून, मुठी-मुठीनं. अन् हे ऊन. म्हणून फुलं झडली. विटाळ-फिटाळ काही नाई. मी खोटं बोलली. तुमाले बिनखताचे म्हणून दिले असते तं तेबी यंदा खोटंच झालं असतं."

वाटलं, आता हसतील, टोमणे मारतील. मारू दे.

गंगूबाईनं हातातली चिंच ठेवली अन् माझ्या पाठीवर हात फिरवला. "काकू, किती मोठं मन तुमचं! सून रुसून गेली तं तिचं पाप आपल्या अंगावर घेऊन राहिल्या."

"अवो बाई, मी खरं सांगून राहिली!"

"कळते वो आमाले. पोराचा संसार आहे."

कौशल्या म्हणे, "अशी सासू मले भेटली असती तं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कोठीतली गोणी आणून दाखवते म्हटलं, तर मला बळंच खाली बसवलं अन् पाणी दिलं. बाहेर पडले तेव्हा मी आत गेले होते त्याहून चांगली बाई झाले होते. अन् करिश्मा होती तिथंच. त्याहून खाली.

एक वाक्य किती लवकर आत जातं, अन् काढायला गेलं तर हाताला लागत नाही.

१६ एप्रिल

काल दुपारपासून ढग. रात्री चांगलाच गारवा, चादर घ्यावी लागली. वारा सुटला, टमाटरच्या काठ्या हलत होत्या. युरिया बंद केलाच आहे. पाणी तेवढं सकाळी देते, मायेनं नाही, मापानं.

करिश्मा माझा फोन उचलत नाही. विपुलचा उचलते, "जेवली का" एवढंच बोलतात. तो म्हणाला, "तू तिले लिहून पाठव, आई." मोबाईलवर अक्षरं कशी उमटवायची ते दाखवलं. माझं बोट जाड आहे, एकाच्या जागी दोन अक्षरं येतात. आधी इथं लिहावं अन् मग पाहून पाहून उतरवावं, असं ठरवलं.

१८ एप्रिल

लिहायला बसले. 'करिश्मा' एवढं झालं.

२० एप्रिल

अजून ढगाळच. आज सडा कमी होता. मी लक्ष दिलं नाही.

२६ एप्रिल

फळ धरलं. वाटाण्याएवढी, हिरवी, झुबक्या-झुबक्यांत. पाहताक्षणी पानं ओढून झाकत होते तोवर गंगूबाई कुंपणावरून ओरडली, "पाहा काकू! सून गेली अन् धरलं की नाई?" आत्तापर्यंत गल्लीभर झालं असेल.

आता हे मोबाईलवर उतरवते –

करिश्मा, टमाटरला फळ धरलं. ढग आले, गारवा पडला, मी युरिया थांबवला, म्हणून धरलं. इथं बाया मात्र तू गेली म्हणून धरलं असं म्हणून राहिल्या. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐक. तू केशवरावांसमोर मला राखलं. मी तुला राखलं नाही. मी आता खरं सांगते तर कोणी ऐकत नाही, तरी सांगत राहीन. ये म्हणायला मला तोंड नाही. चार शिव्या लिही, पण लवकर लिही.