पुढचं मॉडेल येईपर्यंत

बाबा, नवा कॅमेरा अजून आलेला नाही. तुम्हाला त्याचं काही पडलेलं नसणार, पण मी रोज सकाळी वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात पोचलो की आधी त्याचीच बातमी शोधतो. म्हणे अंधुक उजेडातही फ्लॅश लागणार नाही, आणि समोरचं माणूस कितीही हललं तरी कॅमेरा त्याचे डोळे सोडणार नाही. सांगणाऱ्यांपैकी कुणीही तो पाहिलेला नाही. तुम्ही मला संस्कृत पाठशाळेत धाडलंत म्हणून एवढं कळतं, की हे प्रत्यक्ष नाही, अनुमानही नाही, कुणीतरी म्हणतंय एवढंच निव्वळ शब्दप्रमाण आहे. तरी वेदांवर ठेवला नसेल इतका विश्वास मी या अफवांवर ठेवतो, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य आईला लागू पडतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तिला फ्लॅश सोसत नाही, आणि मान सारखी हलते.

तिला एक चांगला फोटो हवाय. कशासाठी, ते तुमच्या बायकोला कुणी शिकवायला नको. डोंबिवलीच्या आपल्या स्टुडिओत म्हातारी माणसं इस्त्रीचे कपडे घालून तेवढ्यासाठीच यायची. तुम्ही सांगायचात, "हसू नका, पण घाबरलेलेही दिसू नका. तुमच्या मागे घरच्यांना रोज बघायचंय." एकदा तुम्ही जेवायला गेला होतात आणि मी एका आजींना परत पाठवलं. आठवड्याभरात नवी लेन्स येणार होती, फोटो जास्त छान आला असता. पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन आला. त्यात आजी मागच्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्याआड अर्ध्या. त्या अर्ध्या चेहऱ्याला दुसरा अर्धा जोडत तुम्ही दिवसभर बसलात आणि माझ्याशी एकच वाक्य बोललात, "आजी लेन्स बघायला आल्या नव्हत्या."

ते मला शब्दरूपांसारखं पाठ आहे. तरीही आईला मी तेच सांगत आलो, थांब, पुढचं मॉडेल येऊ दे. दिवाळीत सांगितलं, पाडव्याला सांगितलं. "अरे, आधी तो येणार की आधी मी जाणार, एकदा ठरव बाबा," ती म्हणाली. तेव्हा ती मला ओळखत होती.

काल रविवारी ती न सांगता जांभळी साडी नेसून खिडकीपाशी येऊन बसली. मग मात्र मी जुनाच कॅमेरा काढला आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो. तिने माझ्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "अहो, एवढ्यात नको. बाळ शाळेतून आला की काढा. दोघांचा."

बाळ त्रेपन्न वर्षांचा, हातात कॅमेरा घेऊन समोर. बटण दाबायला हवं होतं. उजेड उत्तम होता, आणि बोलताना क्षणभर तिची मानही थांबली होती. जुना कॅमेरा पुरला असता. मी म्हटलं, "बरं, येऊ दे त्याला." तुमच्या आवाजात म्हटलं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहितो. फोटो राहिला, आणि मला हायसं वाटलं.