जड सामान पुढे

प्रिय दादा,

रविवारी घर हलवताय आणि सामानाचा ट्रेलर तुमच्याच कारला जोडून नेताय, हे वाचून बरं वाटलं. पण पुढची ओळ दोनदा वाचली. स्टिअरिंगवर तुझा मेहुणा, शेजारी वहिनी, आणि तू पोरीला घेऊन मागे बसणार! अरे, तो रिकामी गाडीसुद्धा पाठीशी कुत्रं लागल्यासारखी पळवतो. ट्रेलर डुलायला लागला की वेग वाढवायचा, आपोआप सरळ होतो, हे त्याचं ज्ञान वहिनीनं मला कौतुकानं सांगितलंय. त्या ज्ञानापायी चौघांचा जीव जाईल रे.

तुला ट्रेलरची धास्ती का, ते मला ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी बाबांचं शिवणकामाचं दुकान हलवत होतो. तू चालवत होतास, बाबा शेजारी, मी मागे. अर्ध्या उतारावर कुणीतरी मागून गाडीला धरून हिसडतंय असं वाटायला लागलं. आरशात ट्रेलर एकदा डावीकडे दिसे, एकदा उजवीकडे. बाबा ओरडत होते, ब्रेक मार, ब्रेक मार. तू मारला नाहीस. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचललास, स्टिअरिंग घट्ट सरळ धरलंस. तुझ्या मानेवरचा घाम मला दिसत होता. ट्रेलर उलटला, गाडी वाचली. पण त्या हिसक्यात बाबांचा खांदा दारावर आदळून मोडला आणि तो हात पुन्हा कात्रीला लागला नाही. सगळं खापर तुझ्या डोक्यावर फुटलं. ‘दादाच्या हाती गाडी? त्यापेक्षा चालत जाऊ,’ हा घरातला विनोदच झाला, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचे. लाज वाटते मला.

भाड्यानं ट्रेलर देणाऱ्या दुकानात लागून मला तीन वर्षं झाली. रोज दहा गिऱ्हाइकांना तेच सांगते. ट्रेलरचा हूक गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर नीट बसून खिळी लागली का बघा, साखळ्या खालून एकमेकींवरून आडव्या घ्या, चाकांची हवा आणि मागचे दिवे तपासा. आणि जड सामान चाकांच्या जरा पुढे ठेवा. मागे भरलंत तर उतारावर ट्रेलर डुलणारच, मग ब्रेक नाही, वेग नाही, पाय उचला आणि स्टिअरिंग सरळ धरा. मालकानं पहिल्या दिवशी हे शिकवलं तेव्हा मला तो उतार आठवला. तू ते कुणी न शिकवता केलं होतंस. तरी मी मिठाची गुळणी धरून बसले.

त्या दिवशी बाबांनी चारही लोखंडी शिलाई मशिनं पुढे बांधली होती. ते किल्ली आणायला गेले तेवढ्यात मी दोर सोडले, मशिनं पार मागच्या फळीपर्यंत ओढली आणि पुढे कापडाचे गठ्ठे कोंबले. उतरवताना मशिनं आधी हाताला लागावीत, एवढंच डोकं चाललं. तुला काहीच माहीत नव्हतं. दादा, ट्रेलर मी उलटवला. आज सकाळी बाबांना सांगितलं. बराच वेळ ते खांदा चोळत बसले. मग म्हणाले, रविवारी मीही जातो, पण गाडी पोरगा चालवणार असेल तरच. त्यांना पुढे, तुझ्या शेजारी बसायचंय.

रागावलास तरी तुझीच,
छोटी