चाकांचे नट, तांब्याची डेगची आणि गाडी कोणाची, याबद्दल मदिनाबी बागवान यांचे मृत्युपत्र

आधी डेगचीचे. माझ्या तांब्याच्या डेगचीत फैझलने गंज काढायचे ॲसिड ओतले आणि गाडीच्या चाकांचे नट भिजत घातले. कल्हई गेली. विचारले तर म्हणतो, "दादी, घरात दुसरं मोठं भांडं नव्हतं." बादली होती. तिच्यात तो अंघोळीचे पाणी घेतो, म्हणून ती जपली.

आता कायद्याचे. मी मदिनाबी, मरहूम दस्तगीर बागवान यांची बायको, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, राहणार गुलटेकडी, पुणे, कोणाच्या दबावाखाली न येता हे लिहून ठेवते. दबाव आला होता, मी त्याच्याखाली आले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टर पद्मजाबाईंचा दाखला सोबत आहे.

१. घर. मुलगा रियाज आणि मुलगी नाजिमा यांच्यात आमच्या कायद्याप्रमाणे वाटावे, मुलाला दोन वाटे, मुलीला एक. त्यात माझा शब्द चालत नाही. चालला असता तर उलटे केले असते. दवाखान्यात माझ्याजवळ नाजिमा बसते, रियाज पार्किंग शोधतो.

२. गाडी. मालमत्तेचा तिसरा हिस्सा मी वारसांच्या बाहेर देऊ शकते. गाडी त्यात बसते. पांढरी ॲम्बेसिडर, माझ्या नावावर. दस्तगीर मार्केट यार्डात केळी विकायचे आणि दर शुक्रवारी नमाजाआधी गाडी धुवायचे. तिची जेवढी विचारपूस केली तेवढी माझी केली नाही. गाडी रियाजच्या मुलाची, म्हणजे फैझलची, असे सगळे धरून चालले आहेत. चावीला त्याने स्वतःच्या नावाची की-चेन लावली आहे. ती काढावी. गाडी त्याची बहीण मेहजबीन हिची.

कारण असे. नट घासून रंगवताना रंग फक्त वरच्या अंगाला द्यायचा. जो उतार चाकात बसतो तो आणि आतले आटे कोरडे ठेवायचे. तिथला रंग दबून निघतो आणि नट सैल होतो. हे दस्तगीरनी दोन्ही नातवंडांना शिकवले होते. ईदला गाडी चमकली पाहिजे म्हणून फैझलने नट चंदेरी रंगाच्या डब्यात बुडवूनच काढले.

मग आम्ही लोणी काळभोरला नाजिमाकडे निघालो. गाडी फैझल चालवत होता. हडपसरच्या पुढे गाडी डुलायला लागली.

"दादी, रस्ता खराब आहे."

"फक्त मागच्या डाव्या चाकाखालीच?"

मेहजबीनने गाडी थांबवायला लावली आणि चाकाची टोपी काढली. नट बोटांनी फिरत होते. एक तर टोपीतच पडला होता. फार सुंदर चमकत होता. गाडीत चार माणसे होतो, शेजारून ट्रक जात होते.

तिने तिथेच पाना लावला. घरी आल्यावर सगळे नट काढून उतारावरचा रंग खरवडला, वरून नवा दिला, समोरासमोरचे आवळले, गाडी फिरवून आणली आणि पुन्हा आवळले. फैझल तोवर टोप्यांचे फोटो काढत होता.

रियाज म्हणतो, "अम्मी, पोरगी लग्न होऊन जाईल, गाडी परक्या घरी जाईल." जाऊ दे. चाके त्यासाठीच असतात.

३. दस्तगीरचा पाना, तारेचा ब्रश, उरलेला पॉलिश पेपर मेहजबीनला.

४. डेगची फैझलला. कल्हई त्याने समोर उभे राहून करून घ्यावी, मगच तिच्यात खावे.

शेजारचे दीनानाथ परचुरे यांनी शुद्धलेखन तपासले. त्यांनी दोनदा "सदरहू" घातले होते, मी काढायला लावले.

सही: मदिनाबी दस्तगीर बागवान (अंगठा नाही, सही)
साक्षीदार: दीनानाथ परचुरे, एजाज बागवान (पुतण्या)
गुलटेकडी, पुणे. ९ नोव्हेंबर २०२४

सह्या झाल्यावर आठवले. मी गेल्यावर चाळिसाव्याला सगळे जमतील आणि कोणीतरी विचारेलच की नातू असताना गाडी पोरीला का दिली. मेहजबीनने गप्प बसावे. रियाजनेही मध्ये पडू नये. उत्तर फैझलने द्यावे, उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असे.